अर्ज बसला नाही, म्हणून परत जावंच लागतं का?

प्रश्न : जळगावच्या सिंधी कॉलनीतल्या एका कुटुंबाशी आमचा घरोबा आहे. ते २०१७ साली पाकिस्तानातल्या सिंधमधून व्हिसा घेऊन आले. नव्या नागरिकत्व कायद्यात २०१४ ची अट असल्याने त्यांचा अर्ज बसत नाही, असं त्यांना सांगितलं गेलं. पहलगामच्या हल्ल्यानंतर तर त्यांची झोपच उडाली. अर्ज अपात्र ठरला की माणसाला परत पाठवतात, हे खरं का? त्यांच्यापुढे काही वाट आहे का?
– एक वाचक, एरंडोल

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. नागरिकत्व मिळेल का, हा एक. इथे राहता येईल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘आत्ता नाही’ आलं, तरी दुसऱ्याचं ‘हो’ असू शकतं. भीतीचं मूळ या गल्लतीत आहे.

आधी ‘अपात्र’ म्हणजे काय ते पाहू. नागरिकत्व कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना नागरिकत्वाची सवलत मिळाली. अट अशी, की ते ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेले असावेत. नियम ११ मार्च २०२४ रोजी आले. या अर्जांची जिल्ह्यातली समिती टपाल अधीक्षकांच्या अध्यक्षतेखाली असते, त्यामुळे पोलीस ठाण्यात चौकशी करून याचा पत्ता लागत नाही. तुमचे स्नेही २०१७ साली आले, म्हणून ते या एका दारातून आत जाऊ शकत नाहीत. त्यांची हकीकत खोटी आहे, असा निकाल मात्र कुणीही दिलेला नाही.

मग ते राहतात कशाच्या आधारावर? दीर्घ मुदतीच्या व्हिसावर, ज्याला सगळे एलटीव्ही म्हणतात. पाकिस्तानातून कायमचं राहायला आलेल्या अल्पसंख्याकांना केंद्रीय गृह मंत्रालय तो देतं. २०१६ पासून या व्हिसावर पॅन, आधार, वाहन परवाना, बँकेत खातं, राहण्यापुरतं घर आणि स्वतःचा धंदा यांची मुभा आहे. पहलगामचा हल्ला २२ एप्रिल २०२५ चा. त्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे २७ एप्रिलपासून रद्द झाले, वैद्यकीय व्हिसे २९ पर्यंत चालले. पण हिंदूंना आधीच दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसे कायम राहतील, असं परराष्ट्र मंत्रालयाने त्याच वेळी जाहीर केलं होतं.

आता काही गैरसमज दूर करू. १ सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने नागरिकत्वाची तारीख २०२४ पर्यंत वाढली, असं बरेच जण सांगतात. तसं नाही. छळामुळे किंवा छळाच्या भीतीने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या याच सहा समाजांच्या लोकांजवळ वैध पासपोर्ट-व्हिसा नसला किंवा त्याची मुदत संपली, तरी त्या कारणासाठी कारवाई होणार नाही, एवढंच त्या आदेशाने केलं. संरक्षण मिळालं, नागरिकत्व नाही. दुसरा गैरसमज आधारबद्दल. आधार म्हणजे नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. तिसरा लेकरांबद्दल. ३ डिसेंबर २००४ पासून केवळ भारतात जन्मल्याने मूल भारतीय ठरत नाही. आई-वडिलांपैकी एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला, असं तरी असावं लागतं.

नागरिकत्वाचं दुसरं दारही आहे. १९५५ च्या मूळ कायद्याच्या पाचव्या कलमात भारतीय वंशाच्या माणसाला सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीने नागरिकत्व मागता येतं. तो स्वतः किंवा त्याच्या आई-वडिलांपैकी कुणी अखंड भारतात जन्मलेलं असलं, की तो भारतीय वंशाचा धरला जातो. म्हणजे १९४७ पूर्वी सिंधमध्ये जन्मलेल्या वडिलांचा एक जुना शाळेचा दाखला इथे फार मोलाचा आहे. हा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो. पाकिस्तानचं नागरिकत्व मात्र सोडावं लागतं. बेकायदा स्थलांतरिताला हे दार बंद असतं, म्हणूनच व्हिसात खंड पडू द्यायचा नाही.

तरीही देश सोडण्याची नोटीस आलीच तर? भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. परदेशी माणसाला इथे स्थायिक होण्याचा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलं. त्याच न्यायालयाने १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या खटल्यात सांगितलं, की राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमाचं संरक्षण परदेशी माणसालाही आहे. २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या बाबतीत हद्दपारी थांबवली नाही, पण ती ठरलेल्या रीतीनेच व्हावी असं बजावलं. त्यामुळे नोटिशीविरुद्ध उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात रिट याचिका करता येते. बाई, मूल किंवा अटकेतला माणूस असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो.

अपात्र ठरणं वेगळं आणि परत पाठवणं वेगळं, हे तत्त्व कॅनडातही आहे. आधी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमध्ये आश्रय मागितलेल्याचा दावा तिथे २०१९ पासून अपात्र ठरतो. पण त्याची भीती कुणी तपासलेलीच नसते. म्हणून परत पाठवण्यापूर्वी जोखमीची वेगळी तपासणी होते. सूचना मिळाल्यापासून १५ दिवसांत अर्ज केला तर तोवर हद्दपारी थांबते. मुदत चुकवली तर हे कवच जातं. 

तेव्हा तुमच्या स्नेह्यांना सांगा, की व्हिसाची तारीख आजच पाहा आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज करा. जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंद पोलीस अधीक्षक कार्यालयात असते. पत्ता बदलला तर तिथे कळवा आणि प्रत्येक अर्जाची पोच जपा. जुना, मुदत संपलेला पासपोर्टही फेकू नका, त्यावरचा प्रवेशाचा शिक्का हाच वास्तव्याचा पहिला पुरावा असतो. ‘ओळखीने काम करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. आणि तुम्ही शेजारी म्हणून त्यांच्याबरोबर एकदा जळगावच्या कचेरीत जाऊन या. एकट्याने गेलेला घाबरलेला माणूस अर्धे प्रश्न विचारायचेच विसरतो.