स्कॅनमध्ये हिंगूळ भडक का दिसतो?

प्रश्न : आमच्या घरी पैठण शैलीतली चित्रकथीची काही जुनी चित्रं आहेत. दुकानातून स्कॅन करून आणली, तर कागद पांढराशुभ्र, तांबडा भडक आणि हिरवा निळसर आला. मूळ रंग जसेच्या तसे जपता येतील का?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : दोष बहुधा 'ऑटो' सेटिंगचा आहे. कागद पांढराच असणार, असं स्कॅनर धरून चालतो. तुमचा कागद पिवळटला आहे. तो पांढरा करताना यंत्र चित्रभरातली पिवळी झाक काढून टाकतं आणि सगळेच रंग सरकतात. ते सेटिंग आधी बंद करायला सांगा.

खरं तर ही चित्रं स्कॅनरच्या काचेवर दाबूच नयेत. पैठणच्या चित्रांत दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले असतात आणि वरचा जाड रंग दाबानं सुटतो. फोटो काढणं बरं. सावलीतल्या ओसरीत, ट्यूबलाइट बंद करून चित्र सपाट ठेवा. जवळ रंगीत भिंत नको, अंगात लाल शर्टही नको; त्यांची झाक चित्रावर पडते. चित्राशेजारी २४ चौकटींचं रंगपत्रक ठेवा. त्या चौकटींचे रंग मोजून ठरवलेले असतात, त्यामुळे उद्या कुठल्याही संगणकावर फोटो त्यांच्याशी ताडून सुधारता येतो. फोटो 'रॉ' स्वरूपात काढा, १६ बिटच्या टिफ फाइलमध्ये साठवा आणि त्या फाइलला पुन्हा हात लावू नका. व्हॉट्सॲपसाठी वेगळी प्रत करा.

आता 'मूळ' रंगाबद्दल. या चित्रांतला तांबडा म्हणजे हिंगूळ, आणि हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. उजेडानं तो काळवंडतो. हरताळाचा पिवळा उजेडात फिका पडतो. शिवाय कथेकरी ही चित्रं रात्री दिव्याच्या उजेडात दाखवत, तेव्हाचा तांबडा आणखी निराळाच दिसत असणार. म्हणून आज जो रंग उरला आहे तोच प्रामाणिकपणे नोंदवावा, असं माझं ठाम मत आहे. अंदाजानं 'नवं' केलेलं चित्र पुढच्या पिढीला खोटी साक्ष देईल. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात या शैलीची चित्रं आहेत. तुमच्याकडची कितपत उतरली आहेत, हे ती पाहिल्यावर लक्षात येईल.

चित्रं हाताळताना बोटाला थुंकी लावू नका आणि नंतर हात साबणानं धुवा. हरताळात आर्सेनिक असतं.