ऊन फुकट, पण हिशेब हवा

मैत्रिणींनो, या वेळच्या अभ्यासपाठाचा विषय आहे सूर्य. एखादी म्हणेल, त्यात काय शिकायचं? रोज उगवतो, रोज मावळतो. पण आता गटांच्या बैठकीत शेळी आणि शिलाई मशीनच्या जोडीला सोलर ड्रायर आणि छतावरचं सोलर पॅनेल यांसाठीही कर्जाची मागणी येते. विकणारे गावात येतात, मोठमोठे आकडे सांगून जातात. ऊन फुकट आहे हे खरं. पण ऊन पकडायचं साधन फुकट नाही, त्याचा हप्ता आपल्याच कमाईतून जातो. म्हणून ऊन किती येतं, त्यातून काय होऊ शकतं आणि काय होऊच शकत नाही, एवढं प्रत्येकीला मोजता आलं पाहिजे. हा पाठ बैठकीत मोठ्याने वाचा. जिथे हिशेब आहे तिथे थांबा आणि फळ्यावर मांडून बघा.

१. सूर्य आहे तरी केवढा?

सूर्य हा एक तारा आहे. रात्री दिसणाऱ्या चांदण्यांसारखाच, फक्त आपल्या जवळचा. जवळचा म्हणजे तरी सुमारे १५ कोटी किलोमीटर! तिथून निघालेला उजेड आपल्या अंगणात पोचायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात. सूर्याच्या रुंदीत १०९ पृथ्व्या एका ओळीत मावतील. सूर्यमालेचं सगळं वजन १०० किलो धरलं, तर त्यातलं ९९ किलोपेक्षा जास्त एकट्या सूर्याचं भरतं. या वजनाच्या ओढीमुळेच पृथ्वी त्याच्याभोवती फिरत राहते, भरकटत नाही.

सूर्य आपल्या चुलीसारखा जळत नाही. चुलीला लाकूड लागतं, हवा लागते. सूर्याच्या पोटात दीड कोटी अंश उष्णता आणि प्रचंड दाब आहे. तिथे हायड्रोजनचे कण एकमेकांना जुळून त्यांचा हेलियम तयार होतो. या जुळणीत थोडं वजन कमी होतं आणि त्याचीच ऊर्जा बनते. असं दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वजन ऊर्जेत बदलतं. सूर्याचं वय ४६० कोटी वर्षांच्या आसपास आहे आणि अजून सुमारे ५०० कोटी वर्षं तो असाच तळपणार आहे. तेव्हा हे भांडवल संपायची काळजी नको.

या सूर्यावर लक्ष ठेवायला आपल्या देशाने २ सप्टेंबर २०२३ रोजी 'आदित्य एल-१' हे यान पाठवलं. ६ जानेवारी २०२४ ला ते पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या ठरलेल्या जागी पोचलं. सूर्यावर वादळं उठतात, त्यांचा उपग्रहांना आणि विजेच्या मोठ्या वाहिन्यांना धोका असतो, म्हणून ही पाहणी. या मोहिमेच्या प्रकल्प संचालक होत्या निगार शाजी, तमिळनाडूतल्या शेतकरी घरातली लेक. यानावरची एक दुर्बीण आपल्या पुण्याच्या 'आयुका' संस्थेने तयार केली आहे.

२. आपल्या घरात सूर्य कुठे कुठे आहे?

भाकरीत आहे. ज्वारीचं पान ऊन, पाणी आणि हवा घेऊन अन्न तयार करतं, ते कणसात साठतं. चुलीतलं लाकूड म्हणजे झाडाने साठवलेलं ऊन. चंद्रपूरला जळतो तो कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांनी साठवलेलं ऊन. कोयनेची वीजसुद्धा सूर्याचीच. समुद्राच्या पाण्याची वाफ त्याने केली, तिचा पाऊस सह्याद्रीवर पडला, तेच पाणी धरणातून खाली येताना चक्र फिरवतं.

आपलं शेतीचं पंचांगही सूर्याचंच. 'मृग लागला' असं आपण म्हणतो, त्याचा अर्थ सूर्य मृग नक्षत्रात आला. म्हणूनच मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो, तिथीसारखा मागेपुढे होत नाही. आपल्या आज्यापणज्यांनी सूर्य बघूनच पेरणीचा हिशेब ठेवला होता. आता आपल्याला युनिटचा हिशेब ठेवायचा आहे.

३. ऊन मोजतात कसं?

आपल्या देशात ऊन नीट मोजायचं काम उभं केलं ते एका बाईने. त्यांचं नाव अण्णा मणी. जन्म १९१८ सालचा, केरळचा. १९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. हवामानाची उपकरणं परदेशातून न आणता इथेच बनावीत म्हणून त्यांनी काम केलं. १९५७-५८ मध्ये देशात ऊन मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभारलं. पुढे १९८० आणि १९८१ मध्ये भारतातल्या उन्हाचे आकडे देणारे दोन ग्रंथ त्यांनी तयार केले. सौर ऊर्जेचं काम करणाऱ्यांना पुढे या आकड्यांचा मोठा आधार झाला.

आता आपलं माप. वीजबिलात 'युनिट' असतं, तेच उन्हालाही लावायचं. सव्वातीन फूट लांब आणि सव्वातीन फूट रुंद जागा म्हणजे साधारण १ चौरस मीटर. आपल्याकडे एवढ्या जागेवर दिवसभरात, वर्षाची सरासरी धरून, सुमारे ५ युनिट ऊन पडतं. उन्हाळ्यात जास्त, पावसाळ्यात कमी. हा ५ चा आकडा वहीत लिहून ठेवा. पुढचे दोन्ही हिशेब त्याच्यावरच आहेत.

४. ड्रायरचा हिशेब

वाळवण म्हणजे पाणी उडवणं. पाणी गेलं की बुरशीला जगता येत नाही. १ किलो पाणी उडवायला सुमारे ०.६५ युनिट ऊर्जा लागते.

सोलून चिरलेला १० किलो कांदा घ्या. त्यात साधारण साडेआठ किलो पाणीच असतं. ते उडवायला लागणार: ८.५ × ०.६५ = सुमारे साडेपाच युनिट. हाती येणार दीड किलोच्या आत सुका माल.

आता समजा विकणारा म्हणाला, "ताई, आमचा ड्रायर १ चौरस मीटरचा आहे, रोज २० किलो कांदा वाळवतो." २० किलोला लागणार ११ युनिट. आणि १ चौरस मीटरवर सगळं ऊन मिळून पडतं ५ युनिट. मग बाकीचे ६ युनिट येणार कुठून? आतमध्ये विजेचा हीटर असेल, तर त्याचं बिल कोण भरणार ते विचारा. हीटर नसेल, तर बोलणं खोटं आहे.

खरं तर ५ युनिटही पूर्ण कामी येत नाहीत. काही उष्णता काचेतून जाते, काही वाऱ्याबरोबर. साध्या ड्रायरमध्ये साधारण एक तृतीयांश भाग कामी आला असं धरा. म्हणजे १ चौरस मीटरला दिवसाला अडीच किलो पाणी, अर्थात ३ किलोच्या आसपास कांदा.

मग ड्रायर घ्यायचाच नाही का? तसं नाही. अंगणातल्या वाळवणावर धूळ बसते, माश्या बसतात, अवकाळीत पळापळ होते. ड्रायरमध्ये माल स्वच्छ राहतो, रंग चांगला राहतो, भाव बरा मिळतो. मिरची किंवा शेंगदाणा अर्धवट वाळला तर त्यावर बुरशी येते, तिचं विष शिजवूनही जात नाही. म्हणून फायदा आहे. पण हप्ता ठरवताना एक गोष्ट विसरू नका. जून ते सप्टेंबर ड्रायर बराच काळ रिकामा राहणार, हप्ता मात्र बाराही महिने. महिना १,००० रुपये हप्ता असेल तर वर्षाचे १२,००० झाले. ते आठ महिन्यांत काढायचे, तर महिन्याला नुसत्या हप्त्यापुरतेच १,५०० सुटले पाहिजेत. मजुरी त्याच्या वर.

५. पॅनेलचा हिशेब

पॅनेल उन्हातला साधारण पाचवा भाग विजेत बदलतं. १ किलोवॅटच्या पॅनेलला छतावर सुमारे १०० चौरस फूट मोकळी जागा लागते आणि रोज सरासरी ४ युनिट मिळतात, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास. कुणी १ किलोवॅटवर रोज १० युनिट सांगितले तर विश्वास ठेवू नका.

आधी घरचं बिल काढा आणि वर्षाचे युनिट बघा. महिन्याला ६० युनिट वापरणाऱ्या घराने ३ किलोवॅट बसवून काय करायचं? २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्य घर' योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किंवा जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरलं होतं. अर्ज करण्याआधी सध्याचा नियम महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या. अनुदान मोठं म्हणून पॅनेल मोठं घेऊ नका, गरज बघून घ्या.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, लाइनला जोडलेलं साधं पॅनेल लाइट गेली की बंद पडतं. बॅटरी नसेल तर भर दुपारीही पंखा फिरणार नाही. दोन, पॅनेलचं तोंड दक्षिणेकडे हवं आणि त्यावर झाडाची किंवा टाकीची सावली नको. थोडी सावलीसुद्धा बरीच वीज खाते. तीन, धूळ बसली की वीज घटते, म्हणून सकाळी पॅनेल थंड असताना पाण्याने पुसून घ्यावं.

६. ऊन आणि आपलं शरीर

हाडांना लागणारं ड जीवनसत्त्व कातडीवर ऊन पडल्यावर शरीरातच तयार होतं. बंद काचेतून आलेलं ऊन त्या कामाचं नाही. पण हेच ऊन जिवावरही येतं. उन्हाळ्यात शेतातलं काम सकाळी लवकर आणि संध्याकाळी करा. एखादीचं अंग तापलं, बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजा. तिला लगेच सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखान्यात न्या. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. आणि सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी कधीही बघू नका, ग्रहणातही नाही.

करून बघा

अंगणात एक सरळ काठी रोवा. भर दुपारी तिची सावली सगळ्यात आखूड होते तेव्हा ती मोजा. दर महिन्याला त्याच जागी पुन्हा मोजा. डिसेंबरात सावली लांब आणि उत्तरेकडे दिसेल, कारण सूर्य दक्षिणेकडे असतो. पॅनेलचं तोंड दक्षिणेला का, ते इथे कळतं. मे महिन्यात एक दिवस आणि जुलै-ऑगस्टमध्ये एक दिवस असा येईल की काठीची सावली नाहीशी होईल. त्या दुपारी मुलांनाही बोलवा.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गावात वर्षातले किती महिने कडक ऊन असतं? त्या काळात वाळवायला कोणता माल स्वस्त मिळतो?
२. २ चौरस मीटरच्या ड्रायरमध्ये रोज किती किलो कांदा वाळेल?
३. प्रत्येकीने वीजबिल आणा. कुणाच्या घरी किती किलोवॅट पुरेल ते काढा.
४. विकणारा आला तर त्याला कोणते पाच प्रश्न विचारायचे? ते ठरवा आणि इतिवृत्तात लिहून ठेवा. ज्या साधनाच्या बाबतीत या पाचांची उत्तरं लेखी मिळतील, त्याच्याच कर्जाचा अर्ज बैठकीत घ्या.