गावाचा अभ्यास गावानेच करावा
(अभ्यासपाठ : कार्यकर्ते, शिक्षक आणि ग्रामसभा सदस्यांसाठी)

गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील जंगलालगतच्या गावांना सर्वेक्षण नवीन नाही. कधी जनगणना, कधी योजनेची यादी, कधी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांची प्रश्नावली. घरात माणसे किती, जनावरे किती, मोहफूल किती पायल्या गोळा होते, हे सगळे विचारले जाते. कागद भरतात आणि पाहुणे निघून जातात. त्या माहितीचे पुढे काय झाले, हे गावाला बहुधा कळत नाही. म्हणून सामाजिक संशोधनाचा गावाला खरोखर उपयोग होतो का, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्याच भागातील काही गावांनी दिले आहे. ते या पाठात समजून घेऊ.

मेंढा गावचा अभ्यासगट

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे लहान गाव. १९८० च्या दशकात इचंपल्ली आणि भोपालपट्टनम येथील प्रस्तावित धरणांविरुद्ध या भागात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. त्याच काळात ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल आणि मेंढ्याचे देवाजी तोफा यांची साथ जमली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा पुढे सर्वत्र पोचली. पण ही घोषणा ज्या अभ्यासाच्या सवयीवर उभी आहे, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

मेंढ्यात दोन वेगळ्या बैठका होतात. एक अभ्यासगटाची आणि दुसरी ग्रामसभेची. अभ्यासगटात ज्याला विषयाची आवड आहे तो येतो. बाहेरचा जाणकारही येऊ शकतो, मग तो वनस्पतिशास्त्रज्ञ असो, कायदा जाणणारा असो की संशोधक विद्यार्थी असो. तिथे माहिती मांडतात, शंका विचारतात, वाद घालतात. मात्र तिथे कोणताही निर्णय होत नाही. निर्णय फक्त ग्रामसभेत होतो, आणि तोही मतदानाने नव्हे तर सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढे चालू राहते.

ही विभागणी फार उपयोगाची आहे. अभ्यासगटात निर्णय होणार नसल्याने माणसे मोकळेपणाने बोलतात आणि बाहेरच्या तज्ज्ञाचे ऐकून घ्यायला कचरत नाहीत. आणि निर्णय ग्रामसभेकडेच असल्याने, तज्ज्ञ कितीही विद्वान असला तरी गावाला आपल्या मागे ओढून नेऊ शकत नाही. ज्ञान कुठूनही घ्यावे, पण अधिकार हातचा सोडू नये, अशी ही रीत आहे.

त्यातून काय निघाले याचे एक उदाहरण मधाचे. पोळे जाळून मध काढला तर माश्या मरतात आणि पुढच्या हंगामाचे पोळेही जाते. यावर अभ्यास झाला आणि माश्यांना न मारता, पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून घेण्याची पद्धत गावात आली. फळझाडे तोडू नयेत, जंगलात आग लावू नये, जंगलाची राखण गावानेच करावी, हे नियमही अशाच बैठकांतून, बोलून-पटवून झाले. वरून आलेला नियम मोडताना कोणाला फारसे वाईट वाटत नाही. स्वतः समजून केलेला नियम मोडताना मात्र माणूस दोनदा विचार करतो.

या तयारीचा उपयोग पुढे झाला. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर दावा दाखल करायला लागणारे पुरावे, सीमा, वापराच्या जुन्या निस्तार हक्कांची माहिती हे सगळे गावाला परके नव्हते. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना मिळेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवाना पुस्तिका ग्रामसभेकडे सोपवली. बांबू हे गौण वनोपज आहे, हे कायद्यातच लिहिलेले होते. गावाने ते वाचले होते, म्हणून गाव मागे हटले नाही.

पाचगावने सोडलेले उत्पन्न

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये सुमारे एक हजार हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तेंदूपत्ता म्हणजे उन्हाळ्यातली रोख मजुरी. पण चांगली पालवी यावी म्हणून झुडपे छाटली जातात, कुठे आगही लावली जाते. त्यात तेंदूला फळ धरत नाही आणि जंगलाची हानी होते. गावाने याचा हिशेब मांडला आणि तेंदूपत्ता तोडणे थांबवले. बांबूपासून मिळणाऱ्या कामावर भर दिला. टेंभरे पुन्हा पिकू लागली. ती माणसांनाही मिळाली आणि पाखरांनाही.

प्रत्येक गावाने तेंदूपत्ता बंद करावा असे यातून ठरत नाही. अनेक घरांचे वर्षाचे मीठ-मिरची आणि मुलांची फी त्यावरच अवलंबून असते. शिकायचे ते इतकेच की आज किती मिळते आणि उद्या काय जाते, या दोन्ही बाजू गावाने स्वतः मोजल्या.

घरातली नोंद

मोजणीचे बळ आरोग्याच्या क्षेत्रातही दिसले. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत केलेल्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. त्यांपैकी उपचार फारच थोड्यांना मिळाले होते. १९८९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. त्यांनी नवजात बाळांची घरी काळजी घेतली. शेजारच्या ४७ गावांशी तुलना केल्यावर नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये जगापुढे आले. पुढे हीच पद्धत आशा कार्यकर्तींमार्फत देशभर गेली. इथे माहिती गोळा करणारी आणि बाळाला वाचवणारी बाई एकच होती, म्हणून नोंद कागदावर पडून राहिली नाही.

आपल्या गावात सुरुवात कशी करावी

सामूहिक हक्क मिळालेल्या गावाला जंगलाचा व्यवस्थापन आराखडा करावा लागतो. तो बाहेरून तयार होऊन आला आणि ग्रामसभेने फक्त सह्या केल्या, तर हक्क मिळूनही कारभार दुसऱ्याच्याच हाती राहतो. म्हणून :

१. विषय लहान घ्या. ‘जंगल’ नको, ‘आपल्या जंगलातील बांबू’ घ्या. ठरावीक जागेतील रांज्या मोजा. प्रत्येक रांजीत जुने, कालचे आणि यंदाचे बांबू किती, हे लिहा. यंदाचे कोवळे बांबू तोडले तर रांजी खचते.

२. गोळा करणाऱ्यांना विचारा. मोहफूल, चारोळी, डिंक, रानभाज्या यांची माहिती बहुधा बायकांकडे असते. त्या बैठकीत नसतील तर अभ्यास अर्धाच होतो.

३. भाषेचा विचार करा. नोंद मराठीत असली तरी चर्चा गोंडी किंवा माडियात होऊ द्या.

४. बाहेरचा संशोधक आला तर स्वागत करा, पण तीन गोष्टी ग्रामसभेत आधी ठरवा : तो काय विचारणार, माहिती कोणाकडे राहणार आणि निष्कर्ष गावात वाचून कधी दाखवणार.

५. अभ्यास आणि निर्णय यांच्या बैठका वेगळ्या ठेवा.

चर्चेसाठी प्रश्न

• गेल्या पाच वर्षांत आपल्या गावात कोणकोणती सर्वेक्षणे झाली? त्यांपैकी कोणाचा अहवाल गावात परत आला?

• आपल्या जंगलातील कोणती वस्तू आजी-आजोबांच्या काळापेक्षा कमी झाली आहे? ती का कमी झाली, हे कोणाला विचारता येईल?

• पुढच्या ग्रामसभेपूर्वी कोणत्या एका विषयावर अभ्यासगट बसवता येईल? त्यात कोण कोण बसेल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नावांसह वहीत लिहून ठेवावे आणि पहिल्या बैठकीची तारीख आजच ठरवावी.