एकवीस दिवसांच्या आत

जन्मजात सीएमव्हीची तपासणी बाळ एकवीस दिवसांचं व्हायच्या आत करायची असते. हे मला कळलं तेव्हा माझा मुलगा चार महिन्यांचा होता. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्यात राग असेल, आणि तो मी गाळणार नाही.

गरोदरपणात माझी टॉर्च तपासणी, म्हणजे बाळापर्यंत पोचू शकणाऱ्या संसर्गांची रक्ततपासणी, झाली होती. आमच्या हुडकेश्वर रोडवरच्या लॅबमध्ये ती पॅकेजातच होती. रिपोर्टात सायटोमेगॅलो व्हायरस, म्हणजेच सीएमव्हीपुढे, आयजीजी (जुन्या लागणीची खूण) पॉझिटिव्ह आलं आणि घरात एकच गोंधळ. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आयजीजी सगळ्यांचंच पॉझिटिव्ह असतं. आयजीएम निगेटिव्ह आहे ना? मग विषय संपला. आणि ते मोबाइलवर वाचणं बंद करा."

यातलं पहिलं वाक्य बरोबर होतं. हा विषाणू कांजिण्यांच्या कुळातला. आपल्याकडे बहुतेक बायकांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो, कळतही नाही, आणि मग तो अंगातच मुक्काम करतो. पण विषय तिथे संपत नाही. तोच विषाणू गरोदरपणात पुन्हा जागा होऊ शकतो, किंवा त्याचाच वेगळा वाण बाहेरून येऊ शकतो, आणि दोन्ही वाटांनी तो पोटातल्या बाळापर्यंत पोचू शकतो. अशा वेळी आयजीएम, म्हणजे ताज्या लागणीची खूण, दिसेलच असं नाही. आपल्यासारख्या देशात जन्मजात सीएमव्हीची बहुतेक बाळं अशाच, आधी लागण होऊन गेलेल्या आयांची असतात. म्हणजे ज्या रिपोर्टने आम्हाला उगाच घाबरवलं, त्याच रिपोर्टने नंतर सगळ्यांना गाफील ठेवलं.

मुलगा पूर्ण दिवसांचा, पण वजन जेमतेम दोन किलो. अंगावर बारीक लाल-जांभळे ठिपके होते. मी विचारलं. "घामोळ्यासारखं आहे, जाईल." कावीळ झाली, निळ्या दिव्याखाली ठेवलं. "सगळ्यांनाच होते." ऐकण्याच्या तपासणीच्या मशीनवर डाव्या कानाचं 'रेफर', म्हणजे पुढे तपासा, असं आलं. "पाणी असेल कानात, दीड महिन्यानं या." प्रत्येक वेळी मी विचारलं होतं, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे, कारण नंतर आमच्याकडे 'आईनं लक्ष द्यायला पाहिजे होतं' असं बोलणारे बरेच निघाले. एका मावशींनी तर ग्रहण पाळलं होतं का म्हणून चौकशी केली.

दीड महिन्यानं गेलो तर मशीन बिघडलेलं, मग सर सुट्टीवर. ऐकण्याची सविस्तर तपासणी, बेरा, चौथ्या महिन्यात झाली, धंतोलीत. डाव्या कानाला जवळजवळ ऐकू येत नाही, उजव्याला कमी येतं. तिथल्या डॉक्टरांनी जुनं डिस्चार्ज कार्ड मागितलं. ते वाचताना त्यांनी पेन काढलं आणि एकेका ओळीखाली रेघ मारत गेले. वजन कमी. डोक्याचा घेर 31 सेंटिमीटर. प्लेटलेट 70 हजार. कावीळ. कान 'रेफर'. सगळं एकाच कागदावर, एकाच हस्ताक्षरात, आणि सगळ्यात खाली: 'बाळाची प्रकृती उत्तम.' डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी ते कार्ड माझ्याकडे फिरवलं. त्या पाच रेघा मला अजून दिसतात. प्लेटलेट कमी आहेत हे आम्हाला कुणी तोंडानं सांगितलंच नव्हतं, आणि ते ठिपके त्याचेच होते.

मग केलेली लघवीची सीएमव्ही पीसीआर पॉझिटिव्ह आली. पण चौथ्या महिन्यात पॉझिटिव्ह येऊन काय उपयोग? विषाणू पोटात असतानाच लागला की नंतर दुधातून, कुणाच्या लाळेतून, हे तीन आठवडे उलटल्यावर ही तपासणी सांगू शकत नाही. बहिरेपणाची इतर कारणंही असतात, आनुवंशिक असतं. सगळी लक्षणं सीएमव्हीकडे बोट दाखवतात, खात्रीची मोहर मात्र आता मिळणार नाही. औषधाचंही तसंच. व्हॅल्गॅन्सिक्लोव्हिर पहिल्या महिन्यात सुरू करून सहा महिने द्यायचं असतं. ते काही जादू नाही. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात सहा महिने औषध घेतलेल्या बाळांचं ऐकणं आणि भाषा सहा आठवडेच घेतलेल्यांपेक्षा काहीशी बरी निघाली, एवढंच. पांढऱ्या पेशी घटतात म्हणून वारंवार रक्त काढावं लागतं. कदाचित आम्ही विचार करून नाहीच म्हटलं असतं. पण ते आम्ही म्हणायचं होतं.

आधीच्या दवाखान्यात कार्ड घेऊन गेले, तर उत्तर काय? "टॉर्च निगेटिव्ह होती तुमची." आणि मग, "तुम्ही फॉलोअपला उशीर केला." सर सुट्टीवर होते, हे रिसेप्शनच्या वहीत होतं. वही दाखवा म्हटलं तर दाखवली नाही.

आता ज्यांच्याकडे पाळणा हलायचा आहे त्यांच्यासाठी. जन्मल्यावर कानाची तपासणी 'रेफर' आली, किंवा पूर्ण दिवसांचं बाळ फारच लहान, डोकं लहान, अंगावर ठिपके, प्लेटलेट कमी, यातलं काहीही असलं, तर त्याच आठवड्यात लघवीची सीएमव्ही पीसीआर मागा. लाळेची करणार असतील तर दूध पाजल्यावर निदान तासभर थांबायला सांगा; दुधातला विषाणू लाळेत सापडतो आणि निकाल फसतो. 'पाणी असेल' म्हणाले तरी मागा. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात 2019 पासून प्रत्येक बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबातच हे पाहतात. इथे आपणच मागायचं.

डिस्चार्ज कार्ड घरी येण्याआधी वाचा, इंग्रजी येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्या. कागद जपून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांना विचारायला लाजू नका. हे सगळेच सांगतात, मीही सांगते.

पूर्ण दिवसांच्या बाळाचं अंगावरचं दूध या विषाणूच्या भीतीनं तोडू नका. मला एका शहाण्या बाईंनी तोडायला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. पोटुशी असताना घरात दुसरं लहान लेकरू असेल तर त्याचं उष्टं खाऊ नका, त्याची शी-शू काढल्यावर, नाक-लाळ पुसल्यावर साबणानं हात धुवा. धडधाकट लेकरांच्याही लाळेतून, लघवीतून हा विषाणू महिनोन्‌महिने जात राहतो. यावर लस नाही.

हे नणंदेला समजावताना माझी दमछाक झाली. तिला दिवस गेले होते, आणि ती माझ्या मुलाच्या उष्टावणाला आलीच नाही. "वहिनी, डॉक्टर म्हणून राहिले, संसर्ग होतो." तिचा स्वतःचा अडीच वर्षांचा पोरगा प्लेस्कूलमध्ये जातो आणि त्याच्या ताटातला घास ती रोज खाते. माझ्या मुलाला वेगळं ठेवायची काही गरज नाही, हे मी तिला सांगितलं. सासूबाईंना पटलं, तिला नाही.

कानात घालायचं मशीन मिळाल्यापासून माझा मुलगा दारावरच्या बेलला मान वळवतो. श्रवणयंत्रासाठी केंद्र सरकारची एडिप योजना आहे, उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा, त्यालाच वेळ लागतो. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही जन्मजात बहिरेपण आहे, अंगणवाडी ताईंना विचारा. आणि ज्यांच्या बाळाला सीएमव्ही निघाला पण कान चांगले आहेत, त्यांनी सुटलो म्हणू नये. ऐकणं नंतरही कमी होत जातं, जन्माच्या वेळी 'पास' झालेल्यांचंही. सहा वर्षांपर्यंत ठरावीक काळानं तपासत राहायचं. आमचा उजवा कान सध्या आहे तिथेच आहे. पुढची बेरा दिवाळीनंतर, आणि या वेळी तारीख मी त्यांच्याच वहीत, त्यांच्याच सहीनं लिहून घेतली आहे.