टेप लायब्ररी : कर्जत-खालापुरात बसवायची तर किती पडते?

खोपोली किंवा पाताळगंगेच्या कारखान्यात सर्व्हर सांभाळणारा माणूस टेप लायब्ररीचं, म्हणजे डेटाची प्रत टेपवर घेणाऱ्या यंत्राचं, कोटेशन मागवतो, आकडा पाहतो आणि फाइल मिटून ठेवतो. बहुतेक वेळा तो बरोबरच वागलेला असतो. हिशेबाची पुस्तकं, ड्रॉइंग, ईआरपी, कर्मचाऱ्यांच्या फाइली हे सगळं मिळून दहा-पंधरा टेराबाइटच्या पुढे क्वचित जातं. तेवढ्यासाठी टेपचं यंत्र घेणं म्हणजे पैसे उधळणं. दुसरा एक नास (नेटवर्कवरचा डिस्कचा साठा), पाळीपाळीने बाहेर नेण्याच्या दोन-तीन हार्ड डिस्क आणि महत्त्वाच्या फाइलींची क्लाउडवर प्रत, एवढ्यात काम भागतं.

शूटिंगवाल्यांचं गणित निराळं. चौकजवळ नितीन चंद्रकांत देसाईंनी २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ उभारला, तेव्हापासून या पट्ट्याला चित्रीकरणाची सवय आहे. चांगल्या प्रतीचं ४के फुटेज तासाला सुमारे ३२० जीबी जागा खातं. दोन कॅमेरे आणि दिवसाला प्रत्येकी तीन तासांचं फुटेज धरलं, तरी रोज जवळपास दोन टीबी होतात. एडिटिंगचं युनिट चालवणाऱ्याकडे वर्षभरात शंभर टीबी साठणं अवघड नाही. टेपचा विचार त्याने जरूर करावा.

किंमत कळायची तर टेप आणि यंत्र यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो. एलटीओ हा टेपचा प्रकार, त्याच्या आज सर्रास मिळणाऱ्या नवव्या पिढीच्या, म्हणजे एलटीओ-९ च्या, कार्ट्रिजवर १८ टीबी मावतात आणि ते ढोबळमानाने दहा हजारांच्या आसपास पडतं. म्हणजे टीबीमागे साडेपाचशे रुपये. सर्व्हरसाठीची २० टीबीची हार्ड डिस्क पन्नास हजारांना धरली, तर तिथे टीबीमागे अडीच हजार. दर टीबीला जवळपास दोन हजार वाचतात. पण टेप आपोआप बदलणारं, एका ड्राइव्हचं आठ खणांचं ऑटोलोडर सहा ते आठ लाखांना येतं. सर्व्हर आणि यूपीएस दोन्हीकडे लागतातच. ते बाजूला ठेवलं तरी टेपवाल्याचे आठेक लाख जास्त जातात. ते भरून निघायला चारशे टीबींची टेप वापरली जायला हवी. तीन प्रती ठेवणार असाल तर मूळ डेटा १३० टीबींच्या आसपास हवा. एकच ड्राइव्ह घेऊन टेप हाताने बदलायची तयारी असेल, तर हा उंबरठा ऐंशी टीबींपर्यंत खाली येतो. त्याहून कमी डेटा असणाऱ्याने निदान पैसे वाचवायला म्हणून टेपकडे वळू नये.

कार्ट्रिजवर ४५ टीबी असंही छापलेलं असतं. तो आकडा डेटा दाबून बसवल्यावरचा आहे. व्हिडिओ आधीच दाबलेला असतो, तो आणखी दबत नाही. हिशेब १८ चाच करावा.

१२० टीबींचा नास धरून खर्च मांडू. पूर्ण प्रतीला सात कार्ट्रिज लागतात, आठवा खण क्लीनिंग टेपला. ऑटोलोडर सहा ते आठ लाख. मध्ये ठेवायचा सर्व्हर दीड ते अडीच लाख, कारण बऱ्याच लहान नासला टेप थेट जोडता येत नाही. टेप सर्व्हरला जोडणारं सॅस कार्ड आणि केबल चाळीस ते सत्तर हजार. इथे रेड कार्ड चालत नाही, साधं एचबीए लागतं. दहा गिगाबिटची दोन नेटवर्क कार्डं आणि वायर तीस ते पन्नास हजार. तीन संच, आठवड्याच्या टेपा आणि थोड्या शिल्लक मिळून तीस कार्ट्रिज, तीन लाख. क्लीनिंग टेप आणि बारकोड दहा-पंधरा हजार, यूपीएस पन्नास-साठ हजार. बारेओस किंवा बाकुला ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, पण बसवून देणारा जाणकार पन्नास हजार ते लाखभर घेईल. एकूण १२ ते १६ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी. हे सगळे आकडे अंदाजाचे आहेत. डॉलर हलला की भाव हलतो, म्हणून किमान तीन कोटेशनं घ्या.

खर्च कापताना लोक नेमकं दहा गिगाबिटचं नेटवर्क उडवतात. एक गिगाबिटच्या वायरीतून सेकंदाला फार तर ११० एमबी येतात. ऑटोलोडरमधला ड्राइव्ह ३०० एमबी लिहू शकतो. जुन्या वायरीवर १२० टीबींची पूर्ण प्रत व्हायला साडेबारा दिवस लागतील, नव्या वायरीवर साडेचार-पाच. शिवाय डेटा फारच हळू आला की ड्राइव्ह थांबतो, टेप मागे घेतो, पुन्हा पुढे जातो. त्यात टेप आणि हेड दोन्ही झिजतात.

आता आपल्याकडच्या हवेचा खर्च. कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. टेप वर्षानुवर्षं टिकवायची तर तापमान १६ ते २५ अंश आणि आर्द्रता २० ते ५० टक्के लागते. जुलैत इथलं कुठलं कपाट ते देईल? आर्द्रता मर्यादेत ठेवणारं ड्राय कॅबिनेट पंधरा ते चाळीस हजारांत येतं. ते घेण्यात कंजुषी नको. दुसरा संच कुठे ठेवायचा, हेही आधीच ठरवा. २६ जुलै २००५ आणि जुलै २०२१ ला उल्हासचं पाणी कर्जतमध्ये कुठवर आलं होतं, ते इथल्यांना सांगायला नको. तळमजल्यावरची खोली आणि नदीच्या खोऱ्यातलंच दुसरं ऑफिस, ही एकच जागा समजा. घाट चढून पुण्याकडे संच नेणं उत्तम. लोणावळ्यात थांबू नका, तिथली हवा आपल्यापेक्षाही ओली.

रॅन्समवेअरपासून टेप वाचवते, पण लायब्ररीतच बसलेली टेप नव्हे. बॅकअप सर्व्हर ज्याच्या ताब्यात गेला, तो त्यातून टेपही मागवू शकतो. खणातून काढून कपाटात ठेवलेला संचच खरा सुरक्षित. फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरच्या चुकीने काही जीमेल खात्यांतल्या मेल पुसल्या गेल्या, तेव्हा गूगलने त्या टेपवरूनच परत आणल्या. टेप एन्क्रिप्ट करणार असाल तर किल्ली कागदावर छापून टेपपासून दूर ठेवा. ती हरवली तर कुणीच काही करू शकत नाही.

कंपनी म्हणून नोंदणी असेल तर एक कायदेशीर बाजू आहे. हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपावी लागतात आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घ्यावा लागतो. महिन्याची टेप त्याची जागा घेत नाही.

वॉरंटी संपल्यावर एएमसी यंत्राच्या किमतीच्या दहा टक्क्यांच्या आगेमागे मागितली जाते. ‘दुसऱ्या दिवशी इंजिनीअर’ ही अट कोटेशनवर दिसते; तिच्यात कर्जत, खोपोली येतात का, की ती फक्त मुंबई-पुण्याच्या हद्दीपुरती आहे, हे लेखी घ्या. प्रवासखर्च कुणाचा, तेही. पैसे चुकते करण्याआधी विक्रेत्याला समोर बसवून चार-दोन मोठ्या फाइली टेपवरून रिस्टोअर करून घ्या. एलटीओ-९ ची कोरी टेप पहिल्यांदा घातल्यावर तयार व्हायला दोन तासांपर्यंत घेते. ड्राइव्ह बिघडला म्हणून फोन करू नका.

घरात जुन्या टेपा असतील तर पिढी तपासा. एलटीओ-९ चा ड्राइव्ह फक्त ९ आणि ८ वाचतो. एलटीओ-७ साठी ८ चा ड्राइव्ह लागेल. २०२५ ला आलेला एलटीओ-१० मागची एकही पिढी वाचत नाही, त्यामुळे ‘नवीनच घ्या’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला आधी तुमच्या कपाटातल्या टेपा दाखवा.