केबल बंद करायचीय, पण पोरांना सांगायचं कसं?

केबलवाला दारात आला की पोराला हळूच "बाबा घरी नाहीत म्हण" असं सांगणारं घर फक्त आपलंच नाही. घाटावर चिखली-मेहकरला पाहा, नाहीतर घाटाखाली नांदुरा-जळगाव जामोदला. सोयाबीनचा पैसा हातात यायच्या आधीच त्याला वाटा फुटलेल्या असतात. खताची उधारी, शाळेची फी, घरातल्या दोन-तीन मोबाईलचं रिचार्ज. त्यातच दर महिन्याला टीव्हीचे तीनशे-साडेतीनशे. वर्षाचे किती होतात हा हिशोब आपण मांडत नाही, आणि मुद्दामच मांडत नाही.

कारण मांडला की बंद करावंसं वाटणार, आणि बंद केलं की पोरांची तोंडं बघावी लागणार.

ही धास्ती खोटी नाही. शाळेत मधल्या सुट्टीत "कालचं बघितलंस का?" हा प्रश्न होतोच. ज्याच्या घरी दिसत नाही ते पोरगं खोटंच "हो" म्हणतं, आणि "मग शेवटी काय झालं सांग" असं कुणी विचारलं की पाणी प्यायच्या निमित्ताने नळाकडे सटकतं. त्याला कार्टून हुकल्याचं दुःख कमी असतं, आपल्याकडे नाही हे चारचौघांत कळल्याचं जास्त.

आणि आपलंही खरं सांगू का? संध्याकाळी शेतातून किंवा ड्यूटीवरून आल्यावर भाकरी थापेपर्यंत पोरं एका जागी बसवणारं दुसरं कोण आहे घरात? टीव्हीच. त्यामुळे "टीव्ही बंद करा, मुलांना वेळ द्या" असं कुणी सांगितलं की मला रागच येतो. वेळ असता तर दिला नसता का?

म्हणून मी टीव्ही बंद करा म्हणत नाही. उलट, तो बंद पडला की पोरं मोबाईलकडे वळतात, आणि ते कोपऱ्यात पांघरुणात काय बघतात ते आपल्याला कळतही नाही. बैठकीतला टीव्ही निदान स्वयंपाकघरात ऐकू तरी येतो. खर्च तेवढा कमी करायचा आहे.

तर पहिली गोष्ट, छत्री. दूरदर्शनची फ्री डिश. २००४ च्या डिसेंबरात 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने ती सुरू झाली. छत्री आणि बॉक्स मिळून एकदाच साधारण दीड-दोन हजार लागतात, आणि नंतर महिन्याला काहीच नाही. रिचार्ज नाही, कार्ड नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात छत्रीचं तोंड आग्नेयेला, चांगलं वर करून ठेवतात. त्या बाजूला कडुलिंब वाढला असेल तर आधी जागा बघा. बॉक्स घेताना एमपेग-४ चाच मागा, जुन्या एमपेग-२ बॉक्सवर कमी वाहिन्या दिसतात. पावसाळ्यात जोराची सर आली की चित्र तुटतं, थांबतं. ते बिघडलेलं नसतं, सर गेली की येतं. हे पोरांना आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर भर सिनेमात रडारड.

त्यावर सह्याद्री आहे, बातम्या आहेत, मराठी आणि हिंदी सिनेमे आहेत. खासगी वाहिन्यांच्या जागांचा दरवर्षी लिलाव होतो, त्यामुळे यंदा दिसते ती वाहिनी पुढच्या एप्रिलात असेलच असं नाही. इयत्तेवार शिकवणाऱ्या वाहिन्याही २०२० पासून आहेत. त्या बघून आपल्या डोळ्यांसमोर लगेच गुणपत्रिका उभी राहते, पण पोरगं आपणहून त्या लावणार नाही हे धरूनच चला. लॉकडाऊनमध्ये सह्याद्रीवर बालभारतीच्या पुस्तकांवरची 'टिलीमिली' लागायची, पहिली ते आठवीची. घरातल्याच वस्तू घेऊन काहीतरी करायला सांगायचे, म्हणून ती पोरं बघायची. नुसता फळा कोण बघतं?

क्रिकेटवाल्या घरांसाठी एक खास गोष्ट. २००७ च्या कायद्यामुळे भारताच्या पुरुष संघाच्या एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामन्यांचं प्रक्षेपण खासगी कंपन्यांना प्रसार भारतीला द्यावं लागतं. ते डीडी स्पोर्ट्सवर दिसतं, पण फ्री डिशवरच. केबलवरच्या डीडी स्पोर्ट्सवर हे सामने दिसत नाहीत, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला. म्हणजे भारताच्या मॅचपुरतं छत्रीवालं पोरगं केबलवाल्यापेक्षा वरचढ. मधल्या सुट्टीत ही गोष्ट फार कामाची आहे.

आता खरी अडचण. ती पोरांची नसते, आजीची असते. स्टार प्रवाह, झी मराठी या पैसे देऊन बघायच्या वाहिन्या, आणि रात्री आठची मालिका चुकली तर आजी जेवत नाही. अशा घरात छत्रीवर सगळं भागणार नाही. तिथे केबल ठेवा, पण पॅक सोडा. २०१९ च्या फेब्रुवारीपासून दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नियमाने हव्या त्या वाहिन्या सुट्या घेता येतात. आपल्याला मात्र कुणी विचारत नाही, सरसकट पॅक लावून देतात, आणि त्यात कधीच न लावलेल्या डझनभर वाहिन्यांचे पैसे आपण भरतो. जोडणीचं मूळ भाडं वेगळं असतं. त्यावर पूर्वी १३० रुपये अधिक कर अशी मर्यादा होती, ती २०२४ मध्ये काढली. म्हणून आधी मूळ भाडं किती, मग एकेक वाहिनी केवढ्याला, असं दोनदा विचारा. जरा चिकाटी लागते. ऑपरेटर ओळखीचा असतो, तोंडावर बोलायला भीड वाटते, कबूल. पण भिडेपोटी वर्षभर पैसे भरतो त्याचं काय?

ज्यांच्याकडे नेट बरं चालतं त्यांच्यासाठी प्रसार भारतीचं 'वेव्ह्ज' ॲप आहे, २०२४ च्या नोव्हेंबरात आलं. दूरदर्शनच्या जुन्या मालिका आणि इतर बरंच काही त्यावर फुकट आहे. पण डेटा जातो, तो हिशोबात धरा.

कुणीतरी पाठवलेली लिंक उघडून नवा सिनेमा बघायचा जुगाड मात्र नको. कायद्याचं एक झालंच, पण त्या लिंकांसोबत सट्ट्याच्या आणि नको नको त्या जाहिराती येतात, आणि त्या ज्या फोनवर येतात त्याच फोनवर आपलं बँकेचं खातं, पीएम किसानचा मेसेज. पोरगं शेजारी बसलेलं असतं ते वेगळंच.

राहिलं पोरांना सांगणं. आपण त्यांना कारण सांगत नाही. "टीव्ही बिघडला", "केबलवाला आला नाही" असं काहीतरी ठोकून देतो. कमीपणा त्यांना लागू नये हाच हेतू असतो. पण "बाबा घरी नाहीत" म्हणायला आपणच त्यांना उभं केलेलं असतं, त्यांना काय कळायचं राहिलं? आठ-नऊ वर्षांच्या लेकराला वही घेऊन बसवा. टीव्हीला वर्षाचे किती जातात ते त्याच्याच हातानं गुणायला लावा आणि "यातले वाचले तर काय करू या?" असं विचारा. सायकलचं नाव निघेल, शेगावच्या सहलीचं निघेल. सगळं जमणार नाही, तसंही सांगा. मित्रांत अवघडल्यासारखं होईल का हेही विचारा, आणि हो म्हणाला तर लगेच समजूत घालायला धावू नका. नुसतं ऐका. छत्री बसवायला माणूस आला की वाहिन्या शोधायचं काम त्यालाच द्या. रिमोट हातात असला की घर त्याचं असतं.

आणि केबल त्याच दिवशी तोडू नका. परीक्षेच्या तोंडावर तर नकोच. महिनाभर दोन्ही राहू द्या, कोण काय खरंच बघतं ते दिसेल. मग यादी करा. आजीची वाहिनी पहिल्या ओळीत लिहा, आणि बाकीच्यांवर काट मारायची ती तिला विचारूनच. तिच्याशी बोलायचं काम घरात ज्याचं ती ऐकते त्याच्याकडे द्या. आमच्याकडे ती फक्त नातीचं ऐकते.