कापडाचा पैसा वेगळा, मशीनचा वेगळा

प्रश्न : उल्हासनगर कॅम्प ५मध्ये आमचा जीन्स शिवण्याचा छोटा कारखाना आहे. कापड आम्हीच घेतो. वालधुनी नदीच्या प्रदूषणावरून वॉश कारखान्यांवर कारवाई झाल्यापासून धुलाईला माल बाहेर जातो. पुढच्या वर्षी उलाढाल ६० लाखांवर जाईल. ओव्हरलॉक, बारटॅक अशी ८ लाखांची मशिनं घ्यायची आहेत. बँक अंदाजित ताळेबंद मागते. मोठी सीसी (कॅश क्रेडिट) घेऊन त्यातूनच मशिनं घेतली तर चालेल का? – एक वाचक

उत्तर : नाही. कापडात घातलेला पैसा काही महिन्यांत फिरून येतो, मशीनचा सुटायला वर्षं लागतात. म्हणून कापडाला सीसी, मशीनला मुदत कर्ज.

खेळतं भांडवल दिवसांवर मोजा. समजा, कापड २० दिवस पडून राहतं, कटिंग ते धुलाई-फिनिशिंगला २५ दिवस जातात आणि दुकानदार ७५ दिवसांनी पैसे देतात. एकूण १२० दिवस, म्हणजे ढोबळमानाने २० लाख अडकले. कापडवाल्याची महिन्याची उधारी ५ लाख. उरले १५ लाख. छोट्या उद्योगांच्या खेळत्या भांडवलासाठी बँका वापरतात ते नायक समितीचं सूत्रही हेच सांगतं : गरज उलाढालीच्या २५ टक्के, त्यात उलाढालीचे २० टक्के, म्हणजे १२ लाख, बँकेचे आणि ३ लाख तुमचे. मात्र हे सूत्र तीन महिन्यांचं चक्र धरतं. धुलाईत किंवा दुकानदारांच्या उधारीत महिना वाढला, की आणखी ५ लाख लागतील.

आता ताळेबंद. चालू मालमत्ता २० लाख. चालू देणी १७ लाख (सीसी १२, कापडवाला ५). सीसीतले ६ लाख मशिनांत घातलेत, तर चालू मालमत्ता १४ लाखांवर येते, देणी तेवढीच राहतात. असा ताळेबंद बँकेत टिकत नाही.

त्याऐवजी मशिनांना २ लाख स्वतःचे आणि ६ लाख मुदत कर्ज दाखवा. १५ टक्के घसारा वजा जाता वर्षअखेरीस मशिनांची किंमत ६.८ लाख. पुढच्या १२ महिन्यांचे हप्ते चालू देण्यांत धरा. हे हमखास राहून जातं. थोडक्यात, पदरचे ५ लाख (३ खेळत्या भांडवलाचे, २ मशिनांचे) तयार हवेत. उलाढाल फुगवू नका, बँक ती जीएसटी विवरणपत्रांशी ताडून पाहते.

उद्यम नोंदणी करून घ्या, म्हणजे वसुलीला कायद्याचा आधार मिळेल. २००६च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार असला तरी खरेदीदाराला ४५ दिवसांपेक्षा जास्त उधारी ठेवता येत नाही. वसुली नुसती १५ दिवसांनी अलीकडे आणलीत, तरी अडीच लाख बिनव्याजी मोकळे होतील. सीसी वाढवून मागण्याआधी ते करा.